जिनिव्हातील तपासणी आणि आपला कांदा
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय खताच्या मात्रेचा नाही, करपा रोगाचाही नाही. जिनिव्हा येथे जागतिक व्यापार संघटनेत आपल्या देशाच्या व्यापारधोरणाचा जो आढावा घेतला जातो, त्याविषयी बोलावयाचे आहे. आपल्यापैकी जुन्या मंडळींना डंकेल प्रस्तावावरून गावोगाव झालेले वाद आठवत असतील. त्या वादात बियाणे आणि पेटंट यांचीच चर्चा फार झाली. हा आढावा मात्र कोणाच्या फारसा ध्यानात आला नाही.

आढाव्याची पद्धत गॅटमध्ये १९८९ साली सुरू झाली. १९९१ च्या परकीय चलनाच्या टंचाईतून देश सावरत असताना, १९९३ मध्ये भारताचा पहिला आढावा झाला. सातवा आढावा ६ आणि ८ जानेवारी २०२१ रोजी झाला. तेव्हाही अर्थव्यवस्था सावरतच होती. करोनामुळे एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे उत्पादन आदल्या वर्षीच्या मानाने जवळजवळ एक चतुर्थांशाने घसरले होते. त्या तिमाहीत शेती तेवढी वाढली होती, हे आपण विसरू नये.

ही तपासणी म्हणजे काय? आपल्या विकास सोसायटीचे ऑडिट होते आणि मग सर्वसाधारण सभा भरते, तसाच हा प्रकार आहे. संघटनेच्या सचिवालयातील तज्ज्ञ एक अहवाल लिहितात, सरकार आपला स्वतंत्र अहवाल देते. इतर सभासद देश आधी लेखी प्रश्न पाठवितात आणि मग दोन दिवस बैठक होते. २०२१ मध्ये आपली बाजू वाणिज्य सचिवांनी मांडली. येथे शिक्षा नाही, दंड नाही. आढाव्यातील मजकूर तंट्यात पुरावा म्हणून धरावयाचा नाही, असे करारातच म्हटले आहे. तंटा वेगळा असतो. उसाच्या आधारभावाबद्दल आणि साखर निर्यातीच्या अनुदानाबद्दल ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला यांनी २०१९ मध्ये आपल्याविरुद्ध जी तक्रार केली, तो तंटा. त्याचा निकाल डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याविरुद्ध लागला आणि आपण त्यावर अपील केले. आढावा आणि तंटा या दोहोंची गल्लत करू नये.

मग ज्या सभेत शिक्षाच नाही, तिचा शेतकऱ्याला काय उपयोग? माझ्या मते उपयोग आहे, आणि तो सचिवालयाच्या अहवालातील एका निरीक्षणात आहे. भारत आयात शुल्क, निर्यातीवरील कर, किमान दर, बंदी आणि परवाने ही साधने देशातील मागणी-पुरवठा व भाव सांभाळण्यासाठी वापरतो. त्यामुळे दरांत आणि नियमांत वारंवार बदल होतात व व्यापारी अनिश्चिततेत राहतात, असे ते सांगते. बाहेरच्या तपासनीसांनी हे व्यापाऱ्यांविषयी लिहिले आहे. चाळीत कांदा भरून बसलेल्या शेतकऱ्याचा शब्द तेथे नाही. पण दुखणे एकच आहे.

कांद्याच्याच तारखा पाहा. २९ सप्टेंबर २०१९ रोजी निर्यातबंदी आली, ती १५ मार्च २०२० पासून उठली. सहा महिन्यांनी, १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा बंदी. गंमत अशी की, त्याच महिन्यात संसदेने जीवनावश्यक वस्तू कायद्यात दुरुस्ती करून कांद्यावरील साठ्याची बंधने सैल केली. ऑक्टोबरात साठ्यावर मर्यादा आलीच, आणि पुढच्या वर्षी ती दुरुस्तीही रद्द झाली! बंदी १ जानेवारी २०२१ पासून उठली, म्हणजे आढाव्याच्या पाच दिवस आधी. याचा संबंध जिनिव्हाशी जोडू नये. नवा कांदा बाजारात आला, भाव उतरले, म्हणून ती उठली.

नंतरही तेच. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरात टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, ८ डिसेंबरला बंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण ५५० डॉलरचे मूल्य आणि ४० टक्के शुल्क होतेच. सप्टेंबरात मूल्याची अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आले, आणि तेही १ एप्रिल २०२५ पासून गेले. आपण उन्हाळी कांद्याचे रोप टाकतो तेव्हापासून चाळ रिकामी होईपर्यंत वर्ष उलटते. एवढ्या काळात नियम तीन-चार वेळा बदलला, तर कोणता निर्यातदार दोन वर्षांचा सौदा करील? ढाक्याचा ग्राहकही मग दुसरे दुकान शोधतो.

आंतरराष्ट्रीय नियम बंदी करू देतात काय? अन्नाची गंभीर टंचाई टाळण्यासाठी तात्पुरती बंदी घालता येते. मात्र शेतीकरारातील बाराव्या कलमानुसार अशा वेळी आयातदार देशांच्या अन्नसुरक्षेचा विचार करून आधी लेखी सूचना द्यावी लागते. विकसनशील देशांना यातून सूट आहे, पण जो देश त्या पिकाचा निव्वळ निर्यातदार असतो, त्याला नाही. कांद्यात आपण निर्यातदार आहोत. परदेशी ग्राहकाला पूर्वसूचना मिळण्याची निदान तरतूद आहे. निफाडच्या शेतकऱ्यासाठी तीही नाही. तो दुसऱ्या दिवशी लिलावातच समजून घेतो.

आयातीची बाजू थोडक्यात सांगतो. शेतमालावर जास्तीत जास्त किती शुल्क लावू, याचे वचन आपण दिले आहे. त्याची सरासरी ११३ टक्क्यांच्या आसपास पडते. प्रत्यक्षातील शुल्क त्याहून बरेच कमी असते, त्यामुळे सरकारला वर-खाली करण्यास भरपूर जागा राहते. परदेशी सभासद या अंतराबद्दल कुरकुर करतात. मला ती जागा सोडावीशी वाटत नाही, कारण मंदीच्या वर्षी तीच आपली ढाल आहे. सोयाबीन तेलावर ही मर्यादा अवघी ४५ टक्के आहे, हे विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवावे. पण ही ढाल आपल्यासाठीच उचलली जाईल, याचा भरवसा नाही. तुरीच्या आयातीवर ऑगस्ट २०१७ मध्ये दोन लाख टनांची मर्यादा आली, तेव्हा तूर उत्पादकाला आधार झाला. मे २०२१ मध्ये आयात मोकळी झाली.

आपला क्रम आता साधारण पाच वर्षांनी येतो. सरकारचा अहवाल तयार होत असताना उत्पादक कंपन्यांनी आणि बाजार समित्यांनी वाणिज्य मंत्रालयाकडे आपले म्हणणे लेखी पाठवावे. मोघम तक्रार नको. बंदीच्या अधिसूचनेची तारीख, तिच्या आदल्या व दुसऱ्या दिवसाचा बाजार समितीतील दर आणि त्या दिवशी सभासदांच्या चाळीत असलेला माल, एवढे आकडे द्यावेत. दराची नोंद समितीच्या दप्तरी मिळते. चाळीतील मालाची नोंद मात्र आपली आपणच ठेवावी लागेल. ती या हंगामापासून सुरू करा.