मस्टरवरची आई

श्रोतेहो, ‘मस्टर’ म्हणजे काय, हे आमच्या चाकूरकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या बायांनी रस्त्यांच्या कामावर खडी फोडली, ती मस्टरवर नाव लावूनच. नाव लागले तर मजुरी. नाही तर नाही. मग बाई बाळंत झाली, तर त्या दिवसांचे काय?

हाच प्रश्न दिल्लीच्या महानगरपालिकेत मस्टरवर राबणाऱ्या स्त्रियांनी विचारला. खोदकाम, रस्त्यांची कामे, सारे त्या करीत. कायम नोकरीतल्या स्त्रियांना पगारी बाळंतरजा मिळे, यांना नाही. त्यांच्या संघटनेने दाद मागितली. औद्योगिक न्यायाधिकरणाने 1996 साली त्यांच्या बाजूने निवाडा दिला. पालिका उच्च न्यायालयात गेली, हरली. मग सर्वोच्च न्यायालयात गेली. 1961 चा प्रसूतिलाभ कायदा या बायांना लागूच नाही, असे तिचे म्हणणे. 8 मार्च 2000 रोजी न्यायालयाने ते फेटाळले.

कारण साधे होते. बाई कायम आहे की रोजंदार, हे तो कायदा विचारीतच नव्हता. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम केले ना, एवढेच तो पाही. पोटातले मूल काही नेमणुकीचा कागद पाहून वाढत नाही!

मुंबईच्या कायदेमंडळात 1928 साली अशा विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला होता. 1929 साली कायदा झाला, तो कारखान्यांतील स्त्रियांसाठी. तिथून रस्त्यावरच्या मजूर बाईपर्यंत यायला सत्तर वर्षे लागली. 2017 साली पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा 12 आठवड्यांवरून 26 झाली.

पण 80 दिवस दाखवायचे कशाने? मस्टरनेच, आणि मस्टर राहते मालकाच्या हाती. म्हणून माझे सांगणे एवढेच, की बायांनो, आपल्या दिवसांची नोंद आपणही ठेवा. लिहिता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून कॅलेंडरवर खूण करवून घ्या.

आणि आपल्याकडून ऊसतोडीला जाणारी बाई? तिच्या जोडप्याचा हिशेब टनावर, तोही मुकादमाकडे. बाळंत होऊन ती खोपीत निजली, तर ‘खाडा’ पडतो. दिल्लीच्या बाया जिंकल्या, कारण त्यांचे नाव मस्टरवर होते. हिचे नाव कुठे लिहिले आहे, हे आपणच विचारायला हवे.