जुन्या कागदांतील घराणी
(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाची वर्गणी जमू लागली की घराण्यांच्या गोष्टी निघतातच. पालखीचा मान कोणाचा, मूळ पुरुष कोठून आला? प्रत्येकाला तो शिवकालातला, आणि जमल्यास सरदारच, हवा असतो. हौसेने वंशावळ शोधणारा बहुधा येथेच फसतो. तो थोर पुरुष आधी धरतो आणि तेथून खाली उतरतो. शोध मात्र खालून वर न्यावा लागतो. आजोबांचा फेरफार, मग कोतवाल बुक, मग कडईपत्रक, आणि त्यापलीकडे मोडी दप्तर. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किंमत पुष्कळांना कळली.

मोडी कागदात नाव असते ‘अमका बिन तमका’, म्हणजे तमक्याचा मुलगा. आडनाव पुष्कळदा नसतेच. आजोबांचे नाव नातवाला ठेवायची चाल, त्यामुळे शंभर वर्षांत एकाच नावाचे दोन-तीन पाटील भेटतात, आणि घाईत त्यांचा एकच होऊन बसतो. म्हणून साल पाहावे. तेही अरबी शब्दांत. ‘तिसा मया व अलफ’ म्हणजे शुहूर सन ११०९. त्यात ५९९ मिळवले की इ. स. १७०८-०९.

नाशिक-त्र्यंबकच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या यापेक्षा जिव्हाळ्याच्या. यात्रेकरूचे गाव, वडील, आजे, भाऊ यांची नावे तेथे उतरलेली असतात. श्राद्धात आई, आजी, पणजी यांचीही नावे उच्चारतात, म्हणून सरकारी दप्तरात न दिसणारी बाई कधी या वहीत सापडते.

पण खरे धन महजरात आहे. वतनाचा तंटा पडला की गोतसभा बसे, निवाडा लिहिला जाई, आणि खाली साऱ्या गावाच्या साक्षी पडत. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी, चांभाराची आरी. ज्यांच्या घरी कागदाचा कपटा नाही, त्यांचेही पूर्वज त्या निशाण्यांपाशी उभे आहेत. वंशावळ म्हणजे पाटील-देशमुखांचीच मिरास, हा समज एवढ्यानेच सोडायला हरकत नाही.

तंट्यासाठी केलेला कागद मात्र जपून वाचावा. दावेदार आपली शाखा ठळक लिही आणि नडणारा भाऊबंद गाळून टाकी. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन पुरावे मागू लागले, तेव्हा काही नवे कागदही जुने झाले! दुसऱ्या दप्तराचा दुजोरा मिळेपर्यंत अशा तक्त्यावर पेन्सिलीनेच खूण करावी.

सतराव्या शतकामागे साध्या कुळाचा कागद क्वचितच जातो. त्याआधीचे बोलतात ते दगड. जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ असतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. बहुतेकांवर नाव नसते, त्यामुळे एका घराण्याने तो आपला म्हणू नये. जीर्णोद्धारात हेच दगड पायरीला बसतात किंवा तैलरंगाखाली जातात. एखाद्यावर अक्षरे असली, तर रंगाच्या दुसऱ्या हाताने तीही बुजतात. गवंड्याला हे आधीच सांगून ठेवावे.