संगणक नाव का नाकारतो?



गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज मी त्याच्या वडिलांसमवेत संगणकावर भरीत होतो. शाळेच्या दाखल्यावर नावात 'मो.' होते. संगणकाने 'नाव अयोग्य' असा शेरा दिला. टिंब काढले, तर नाव दाखल्याशी जुळेना. वडील म्हणाले, "सर, आमचं नावच चुकीचं आहे का?" आज मी त्यांच्याच प्रश्नाचे उत्तर देणार आहे.

लिहिलेला मजकूर ठराविक स्वरूपाचा आहे की नाही, हे तपासण्यासाठी प्रोग्रॅममध्ये एक साचा लिहितात. त्याला 'रेग्युलर एक्स्प्रेशन' म्हणतात. अमेरिकन गणितज्ञ स्टीफन क्लेनी यांनी १९५० च्या दशकात या कल्पनेचा पाया घातला. केन टॉम्पसन यांनी १९६८ साली मजकूर शोधण्यासाठी तिचा उपयोग दाखविला.

पिनकोडचे उदाहरण घ्या. पहिला अंक १ ते ९ पैकी, पुढचे पाच ० ते ९ पैकी, एवढाच हा साचा. मात्र 'येथे आरंभ' आणि 'येथे शेवट' अशा खुणा त्यात हव्यात. त्या विसरल्या, तर सात अंकी आकड्यातलेही सहा अंक जुळतात आणि चूक निसटते.

तरीही साचा फक्त रूप पाहतो, खरेखोटे पाहत नाही. ९९९९९९ हा आकडाही त्यातून पार होईल. असा पिनकोड आहे काय, हे टपाल खात्याच्या यादीतच पाहावे लागते.

पिनकोडचे रूप टपाल खात्याने १९७२ साली ठरविले. माणसांच्या नावांचे रूप कोणी ठरविले? 'फक्त अक्षरे' असा साचा लिहिणाऱ्याला टिंब आठवले नाही. देवनागरीत तर 'अ ते ह' एवढाच साचा लिहिला, तर 'शेख' हे साधे आडनावही नापास होईल. कारण संगणकाच्या लेखी मात्रा हे स्वतंत्र चिन्ह असून त्याचा क्रम 'ह'च्या पुढे लागतो.

विद्यार्थी मित्रहो, उद्या तुम्ही साचा लिहाल, तेव्हा आपल्या वर्गाच्या हजेरीपटातील सगळी नावे त्यातून घालून पाहा. पालकांनो, सर्व कागदपत्रांवर नाव एकसारखे ठेवा आणि अर्ज अडला, तर मुदतीपूर्वी शाळेत या. त्या मुलाचा अर्ज आम्ही मुख्याध्यापकांच्या पत्रासह कार्यालयात नेऊन दिला, तेव्हा तो स्वीकारला गेला.

त्या वडिलांना माझे उत्तर एवढेच: नाव बरोबर होते, साचा अपुरा होता.