रात्रीच्या लायटीची पाखरं

(स्नेहमेळाव्यात केलेले मनोगत)



निवृत्तीनंतर वेळ कसा घालवता, यावर प्रत्येकानं पाच मिनिटं बोलावं असं संयोजकांनी सांगितलंय. शेतकऱ्याला निवृत्ती नसते. त्यामुळे मी रात्री काय करतो ते सांगतो. मी पाखरं बघतो. पक्षी नव्हेत, दिव्यावर येतात ती. पुस्तकात त्यांना पतंग म्हणतात, पण वरकुट्यात पतंग म्हटलं की पोरं मांजा शोधायला पळतात.

आपल्याकडं शेतीची लाईट कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रीच्या पाळीला सगळे वैतागतात. तीन वर्षांपूर्वी आमची मंडळी गेली, तेव्हापासून मला मात्र तीच पाळी बरी वाटू लागली. घरात पडून आढ्याकडं बघण्यापेक्षा उसाला दारं धरलेलं बरं. मोटरीच्या खोलीवर एक बल्ब आहे आणि मागं चुना दिलेली भिंत. तिच्यावर कोण येऊन बसतंय हे बघताना दोन-तीन तास निघून जातात. तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही येत नाही.

एप्रिल-मे महिन्यात भिंत जवळजवळ मोकळी असते. बरीच मंडळी तेव्हा कोषात, जमिनीखाली पडून असतात. उन्हाळी नांगरट खोल करा म्हणतात ती त्याचसाठी. कोष वर येतात, निम्मे उन्हानं मरतात, निम्मे नांगरामागनं चालणारे बगळे उचलतात. मग मृगाचा पाऊस पडतो. दहा-बारा दिवस गेले की भिंतीचा चुना दिसत नाही. राखेच्या रंगाची, वाळल्या पानासारखी, पंखांवर डोळे काढल्यासारखी. चहाच्या कपात पडणारीही बरीच.

आपल्याला शाळेत फुलपाखराचं चित्र काढायला सांगायचे, याचं कुणी कधी काढलं नाही. खरं तर देशात फुलपाखरं तेराशे-चौदाशे जातींची आणि ही 10,000 च्या वर. हॅम्पसन नावाच्या इंग्रजानं 1892 ते 1896 या काळात त्यांच्यावर चार जाडजूड खंड काढले. 2012 पासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर लोक पांढरा पडदा आणि दिवा लावून यांना मोजत बसतात. हे मला नातवानं फोनवर दाखवलं. म्हणजे रात्री भिंतीकडं बघत बसणारा मी एकटाच नाही, एवढा दिलासा घरच्यांना मिळाला.

परसात कण्हेर आहे. तिचं पान आपली जनावरं तोंडात घेत नाहीत, विषारी असतं. पण एक हिरवी, बोटाएवढी अळी ते मजेत खाते. तिला डिवचलं की ती डोकं आत ओढते आणि मानेवरचे दोन निळे डोळे पुढं करते. डोळे खोटेच, पण कोंबडी मागं सरते. तिचं पाखरू हिरव्या छटांचं असतं, मिलिटरीच्या कपड्यासारखं. तिळावरच्या अळीचं पाखरू त्याहून दांडगं. पाठीवर माणसाच्या कवटीसारखा ठसा, हातात धरलं तर उंदरासारखं चिरकतं, आणि मध प्यायला थेट मोहोळात शिरतं. जुनी माणसं त्याला अपशकुनी मानायची. मला तो मधचोर वाटतो, दुसरं काही नाही.

थंडीत गर्दी ओसरते. हरभऱ्यातल्या घाटेअळीची मातकट पाखरं तेवढी येतात. दिवसा बघायचं तर बांधावरच्या बाभळीवर काड्यांची छोटी मोळी लटकलेली दिसते. मोळी नव्हे, अळीचं घर. त्यातल्या मादीला पंखच फुटत नाहीत. जन्मभर ती त्या मोळीतच राहते. हे कळलं त्या रात्री मी बराच वेळ बसून होतो. आमच्या मंडळींनीही वस्तीबाहेर फारसं काही पाहिलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, शेतकरी असून याला पाखरांचं कौतुक! कौतुक आहे आणि फवाराही आहे. लष्करी अळी अमेरिका खंडातली. ती 2018 मध्ये आपल्या देशात आली आणि मक्याच्या पोंग्यात शिरली. डोक्यावर उलटा वाय आणि शेपटीकडं चौकोनात चार ठिपके दिसले की मी पंप पाठीला लावतो. तिचं पाखरू एका रात्रीत शंभर किलोमीटर जाऊ शकतं, हे ऐकून मी थक्क होतो. मग कामगंध सापळे मोजायला जातो.

अडचण झाली ती डाळिंबाची. आंबे बहाराची फळं पावसाळ्यात पिकायला लागली की रात्री एक नारिंगी मागल्या पंखाचं पाखरू येतं, सोंड सालीत खुपसून रस पितं. टाचणीएवढं भोक पडतं, तिथून फळ सडतं. आता गंमत अशी की याची अळी डाळिंबावर वाढतच नाही. ती वाढते गुळवेलीवर आणि वासनवेलीवर. बागेजवळची गुळवेल उपटून टाका, असा सल्ला देतात तो यामुळं.

आमच्या दारातल्या लिंबावर गुळवेल आहे. कोरोनात सगळीकडं काढे सुरू झाले तेव्हा मंडळींनी कांडी आणून लावली होती. मुलगा म्हणतो, काढू या. त्याचं खरं आहे; बागेचं कर्ज त्याच्या नावावर आहे. मी सध्या त्याला असं कबूल केलंय की वेलीवरच्या अळ्या रोज सकाळी मी वेचीन, फळांना कागद बांधीन, आणि संध्याकाळी बागेत धूर करीन. गेल्या हंगामात फळं सडली, पण मागच्यापेक्षा कमी. पुढच्या हंगामानंतर पुन्हा बसून बोलायचं ठरलंय. वेचताना एक अळी मात्र मी बरणीत पाल्यासकट ठेवली होती. सोळा-सतरा दिवसांनी बाहेर आली, पंख वाळवत तासभर काठावर बसली. मुलगाही शेजारी उभा राहून बघत होता. काही बोलला नाही.

तर मित्रहो, वेल अजून लिंबावर आहे. काढ्याला कुणाला कांडी हवी असेल तर जेवणानंतर वस्तीवर या, कापून देतो. ज्यांची डाळिंबं आहेत त्यांनी मात्र ती लावू नये.