मुशी, नाव आणि आपण

चांदूर बाजार तालुक्यातल्या आमच्या बचत गटाच्या सगळ्या बाया मिळून आज तुमच्याशी बोलतो आहोत. आजचा विषय ऐकून तुम्ही हसाल. विषय आहे समुद्रातल्या शार्क माशाचा. आपल्याकडे संत्रा, तूर, कपाशी. पाणी म्हणाल तर पूर्णा नदी आणि विश्रोळीचं धरण. इथं शार्क कुठून आला? सांगतो.

आमच्या गटानं दोन वर्षं थोडे थोडे पैसे बाजूला टाकले. कोकणात जायचं, समुद्र पाहायचा, असं ठरलं. आमच्यातल्या निम्म्या जणींनी समुद्र फक्त टीव्हीवर पाहिलेला. सगळं ठरलं आणि एका काकूंच्या नातवानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. समुद्रात एक माणूस फळीवर बसलेला, आणि त्याच्या मागून काळं त्रिकोणी पर वर येतं. बस! काकू म्हणाल्या, "असा मासा असन तं म्या नाही येत, बाप्पा. काहून जीव द्यायचा?" दुसऱ्या दिवशी सहा जणींनी नावं कमी करायला सांगितली.

मग आम्ही ठरवलं, आधी माहिती काढू, मग भ्यायचं की नाही ते पाहू. गावातल्या शिकलेल्या पोरींना कामाला लावलं, आरोग्य सेविका ताईंना विचारलं. जे कळलं ते आज सांगतो.

व्हिडिओ खरा होता. १९ जुलै २०१५ ला दक्षिण आफ्रिकेत जेफ्रीज बे इथं लाटांवर फळी चालवण्याची मोठी स्पर्धा होती. अंतिम फेरीत ऑस्ट्रेलियाचा मिक फॅनिंग लाटेची वाट पाहत होता, तेव्हा शार्क त्याच्या फळीजवळ आला. सगळ्या जगानं ते थेट पाहिलं. त्यानं लाथा मारल्या, बुक्के मारले. मदतीच्या बोटी लगेच पोचल्या आणि तो एक ओरखडाही न येता बाहेर आला.

फळीवरचे हे खेळ कोणते, तेही समजून घेऊ. एकात फळीला शीड लावतात आणि वाऱ्यानं ती पळवतात, ते विंडसर्फिंग. आपल्या देशाच्या इबाद अलीनं २०२३ च्या हांगझोउ आशियाई खेळांत यातच कांस्यपदक आणलं. दुसऱ्यात माणूस मोठ्या पतंगाला कमरेनं बांधलेला असतो, पतंग ओढतो आणि फळी पाण्यावरून सरकते. ते काइटसर्फिंग. तिसऱ्यात लांब रुंद फळीवर उभं राहून वल्हं मारायचं, ते पॅडलबोर्डिंग. कर्नाटकच्या किनाऱ्यावरची तन्वी जगदीश ही पोरगी यात देशासाठी खेळली आहे.

या खेळांत माणूस किनाऱ्यापासून दूर जातो. वारा पडला की शीडवाला पाण्यात पडतो. पतंग कोसळला की पतंगवाल्याला फळीपर्यंत पोहत यावं लागतं. पॅडलबोर्डवाला बहुतेक वेळ पाण्याच्या वर असतो, पण तोल गेला की तोही पाण्यातच. म्हणून शार्क चावण्याच्या नोंदींत फळीवर खेळणाऱ्यांचा वाटा मोठा दिसतो. २०१० साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात पतंगाच्या फळीवरच्या एका माणसाचा असा जीवही गेला.

हे ऐकून काकू म्हणाल्या, "पाहा, म्या काय म्हणत होती!" पण थांबा. आता आकडा ऐका. अमेरिकेतलं फ्लोरिडा विद्यापीठ जगभरातल्या अशा घटनांची नोंद ठेवतं. २०२४ या सबंध वर्षात माणसानं न डिवचता शार्क चावल्याच्या ४७ घटना त्यांनी नोंदल्या. साऱ्या जगात ४७. त्यातले ४ जण दगावले. आणि आपल्या देशात नुसतं बुडून दरवर्षी ३० हजारांहून जास्त माणसं जातात. साप चावून सरासरी ५८ हजार जातात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मग आपण भ्यावं कशाला?

आता म्हणाल, महाराष्ट्रात कधी असं झालंच नाही का? झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये, पालघर जिल्ह्यात मनोरजवळ. तिथं वैतरणेची खाडी आहे. समुद्र तिथून कितीतरी लांब. एक तरुण मासे धरायला पाण्यात उतरला आणि शार्कनं त्याच्या पायाचा लचका तोडला. आजूबाजूच्या लोकांनी त्याला बाहेर ओढलं, दवाखान्यात नेलं. जीव वाचला. तो बुल शार्क जातीचा मासा होता. ही जात गोड्या पाण्यातही राहू शकते, म्हणून भरतीबरोबर खाडीतून आत येते. पुढं तो मासा मेला. ती मादी होती आणि तिच्या पोटात पिल्लं होती.

आमच्या गटातली एक बाई हे ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, "ती बाळंतपणाले आली असन वो." खरंच आहे. बुल शार्कच्या माद्या पिल्लं द्यायला खाडीच्या उथळ पाण्यात येतात. तिथं पिल्लांना मोठ्या माशांचं भय कमी असतं. पाणी गढूळ, समोरचं दिसत नाही, पायाचा आवाज येतो, मासळीचा वास येतो. अशा वेळी चावा बसतो. त्यात वैर नसतं. पण त्या तरुणाच्या पायाचं नुकसान झालं ते झालंच. तो पोटासाठी पाण्यात उतरला होता, खेळायला नाही. हे विसरून चालत नाही.

उलट बाजूही पाहू. माणूस दरवर्षी किती शार्क मारतो? अंदाज ८ ते १० कोटींचा आहे. कोकणात लहान शार्कला मुशी म्हणतात, मोरी म्हणतात, तिचं कालवण घरोघरी होतं. खाणाऱ्यांना आम्ही नावं ठेवत नाही. पण हा मासा उशिरा वयात येतो आणि थोडीच पिल्लं देतो, म्हणून जास्त पकडला की पटकन संपतो. सगळ्यांत मोठा मासा म्हणजे व्हेल शार्क. तो आपल्या समुद्रात येतो, बारीक जीव गाळून खातो, माणसाला काही करत नाही. २००१ पासून त्याला कायद्यानं संरक्षण आहे. महाराष्ट्रात असा संरक्षित जीव जाळ्यात सापडला आणि मच्छिमारानं जाळं कापून त्याला सोडलं, तर सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. कोकणातल्या कितीतरी मच्छिमारांनी असे जीव सोडले आहेत.

हे सगळं गटात वाचून दाखवलं आणि सहाच्या सहा नावं परत आली. आम्ही तारकर्लीला गेलो.

आता खरी गोष्ट तिथली. समुद्र पाहिला, पाय भिजवले, काकू तर लेकरासारख्या नाचल्या. मग बोटीत बसायचं ठरलं. नाववाल्यानं जॅकेटं दिली. आमच्यातल्या आजींच्या जॅकेटचा पट्टाच लागेना, कडी तुटलेली. नाववाला म्हणाला, "आजी, नुसता खांद्यार घाला. काय होवचा नाय." आजी म्हणाल्या, "राहू दे, दहा मिनिटाचं काम आहे." आम्हीही सुरुवातीला गप्पच बसलो. परक्या मुलखात कोण वाद घालणार? पैसेही दिलेले.

तेवढ्यात एकीला आठवलं. २४ मे २०२२ ला याच तारकर्लीला समुद्रातून परत येणारी पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली होती. बोटीत २० जण होते. दोघांचा जीव गेला, त्यातला एक आपल्या अकोल्याचा. दुसरीनं झुंजचं नाव काढलं आणि सगळ्या एकदम उठल्या.

झुंज तुम्हाला सांगायला नको. आपल्याच जिल्ह्यात, वरुड तालुक्यात, वर्धा नदीवर. १४ सप्टेंबर २०२१. घरातल्या मरणाच्या विधीसाठी नातेवाईक जमले होते. विधी झाला, मग एका लहान नावेत बसून निघाले. नाव उलटली. ११ जण गेले. बाया, लेकरं, लेकी-जावई. त्या नदीत शार्क नव्हता, मगर नव्हती. लहान नाव होती, माणसं जास्त होती आणि अंगात जॅकेट नव्हतं.

आम्ही नाववाल्याला सांगितलं, दादा, धड जॅकेट द्या, नाहीतर आम्ही उतरतो. तो कुरकुरला, पण दुसऱ्या नावेतून आणून दिलं. आजींच्या कमरेचा पट्टा आम्ही दोघींनी आवळला. मग नाव सुटली. गेलो, आलो, काही झालं नाही. पण मैत्रिणींनो, ज्या माशासाठी आम्ही सहल मोडायला निघालो होतो, तो आम्हाला दिसलाही नाही. आणि ज्या कडीवर आजींचा जीव होता, त्या कडीसाठी बोलायला आम्ही लाजत होतो. हेच सांगायला आज आलो.

आता कामाच्या गोष्टी. घरात कोणी लिहिणारं असेल तर लिहून घ्या.

समुद्रावर गेलात तर गढूळ पाण्यात, खाडीच्या तोंडाशी, जाळी ओढतात तिथं आणि दिवेलागणीच्या वेळी पाण्यात उतरू नका. फळीवर असताना मोठा मासा दिसला तर हातपाय आपटू नका. पाय वर घ्या, फळीवर बसा, त्याच्याकडे तोंड ठेवा आणि सावकाश किनारा गाठा. अंगावरच आला तर नाकाडावर, डोळ्यांवर, कल्ल्यांवर मारा.

वाळूच्या उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चाला. वाळूत काटेरी शेपटीचा पाकट मासा बसलेला असतो. पाय घासला की तो आधीच पळतो. २०१३ च्या गणेश विसर्जनात मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर अशा माशांनी पन्नासहून जास्त लोकांना डंख केला होता. डंख झाला तर पाय सोसवेल तितक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास ठेवायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं.

आता रक्ताचं. २००३ साली अमेरिकेच्या हवाई बेटांत बेथनी हॅमिल्टन या १३ वर्षांच्या पोरीचा डावा हात शार्कनं तोडला. तिच्या मैत्रिणीच्या वडिलांनी फळीच्या दोरीनं हात वरून आवळून बांधला, म्हणून ती जगली. महिनाभरात ती पुन्हा फळीवर गेली. आपल्याकडे शार्क नाही, पण कडबा कटर आहे, थ्रेशर आहे, विळा आहे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड ठेवून दोन्ही हातांनी जोरात दाबा. कापड भिजलं तर काढू नका, वर दुसरं ठेवा. हातापायाचं रक्त चिळकांडी मारत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तरच जखमेच्या चार बोटं वर, सांधा सोडून, रुंद पट्टीनं घट्ट आवळा. किती वाजता बांधलं ते लक्षात ठेवा, दवाखान्यापर्यंत सोडू नका. १०८ ला फोन करा.

पण नीट ऐका. साप चावला तर असं आवळून बांधायचं नाही. तिथं बांधल्यानं पाय जाऊ शकतो. साप चावला तर माणसाला धीर द्या, चावलेला भाग लाकडाच्या फळीला हलकाच बांधून हलू देऊ नका, आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. कापायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. या दोन गोष्टींची गल्लत करू नका.

कोणी बुडत असेल तर पोहता येत नसताना उडी मारू नका. बुडणारा मिठी मारतो आणि दोघं जातात. लांबूनच दोर टाका, बांबू द्या, साडी फेका, झाकण लावलेली रिकामी कॅन टाका. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उलटा टांगू नका, पोट दाबू नका. आधी तोंडानं श्वास द्या, मग छातीच्या मधोमध दाबा. ३० वेळा दाबणं, २ श्वास, असं मदत येईपर्यंत. हे ऐकून येत नाही, हातानं करून शिकावं लागतं. आपल्या आरोग्य सेविका ताईंना गटात बोलवा आणि शिकून घ्या. आमच्या गटानं उशीवर सराव केला. हसलो खूप, पण शिकलो.

पौषात ऋणमोचनची यात्रा भरते, पूर्णेवर गर्दी होते. गणपती-देवी विसर्जनाला पोट्टे धरणावर जातात. पावसाळ्यात दहावा-तेरावा नदीवरच होतो. तेव्हा तुमच्या गटाच्या दोघी-तिघी काठावर उभ्या राहा. एक दोर आणि दोन रिकाम्या कॅन जवळ ठेवा. नावेत बसणारं कोणी दिसलं तर विचारा, माणसं किती, जॅकेट कुठं. कोणी म्हणेल, बायांना काय कळतं. म्हणू द्या. आम्हालाही तिथं बोलायला जीभ उचलत नव्हती. पण आजी आमच्याबरोबर घरी आल्या, आणि पुढच्या वर्षीच्या सहलीसाठी सगळ्यांत आधी पैसे त्यांनीच भरले.

येतो मैत्रिणींनो. काळजी घ्या. नमस्कार.