आधी जथ्यानं, मग एकटीनं



सायकल आपल्याकडे कशी आली, पुणं हे सायकलींचं शहर म्हणून कसं ओळखलं जाई आणि स्कूटर-मोटारसायकलींनी ती ओळख कशी पुसली, हा इतिहास या सभागृहातल्या अनेकांच्या डोळ्यांसमोर घडला आहे. तो मी उगाळत नाही. मला आज एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. बायका सायकल चालवत नाहीत याचं कारण आपण नेहमी एकेकीत शोधतो. हिला येत नाही, तिला भीती वाटते, तिसरीकडे सायकलच नाही. मग उपायही एकेकीपुरते निघतात. माझं म्हणणं असं की अडचण मुळात एकटेपणाची आहे. रस्त्यावर ती एकटी असते म्हणून सगळे तिच्याकडे बघतात. सगळे बघतात म्हणून घरचे नको म्हणतात. घरचे नको म्हणतात म्हणून दुसरी निघत नाही आणि पहिली एकटीच राहते. हा फेरा एका बाईच्या धैर्यानं सुटत नाही. अनेक जणी एकाच वेळी, एकाच रस्त्यानं निघाल्या तर सुटतो.

पुरावा बिहारचा घ्या. तिथल्या सरकारनं 2006 साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून त्याचा परिणाम मोजला. योजनेच्या कक्षेतल्या वयाच्या मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी 32 टक्क्यांनी वाढली आणि मुलगे-मुलींमधली तफावत 40 टक्क्यांनी घटली. शाळा दूर असलेल्या गावांत फरक अधिक होता. पण मला त्यांचं पुढचं निरीक्षण जास्त मोलाचं वाटतं. सायकली एका इयत्तेतल्या सगळ्या मुलींना एकदम मिळाल्या, त्यामुळे त्या घोळक्यानं शाळेला जाऊ शकल्या. त्यातून सुरक्षितता वाढली असावी आणि मुलीनं गावाबाहेर जाऊ नये हा दंडकही सैल झाला असावा, असं हे अभ्यासक म्हणतात. आपल्याकडेही राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळतात. त्या वाटताना ‘किती दिल्या’ याच्या जोडीला ‘एका वाटेवरच्या सगळ्यांना एकदम मिळाल्या का’ हा प्रश्न विचारायला हवा.

दुसरा पुरावा तमिळनाडूतल्या पुदुकोट्टैचा, आणि इथं मी थोडा रेंगाळणार आहे. कोरडवाहू, गरीब जिल्हा. 1991 मध्ये तिथं ‘अरिवोळी इयक्कम’ ही साक्षरता मोहीम सुरू झाली. जिल्हाधिकारी होत्या शीला राणी चुंकत. अक्षरओळखीच्या जोडीला सायकल शिकवायची, असं त्यांनी ठरवलं. वर्गांना जायचं, गावोगाव फिरायचं, तर बायकांना वाहन हवं, आणि बस कधी येईल याचा भरवसा नाही. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या, सगळ्या एकाच मैदानात शिकू लागल्या. 8 मार्च 1992 रोजी हँडलला झेंडे लावून दीड हजार सायकलस्वार बायका शहरातून गेल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे सारं ‘एव्हरीबडी लव्हज अ गुड ड्राउट’ या पुस्तकात नोंदवलं आहे, सायकल शिकलेल्या ग्रामीण बायकांचा त्यांचा अंदाज एक लाखाच्या घरातला आहे. लेडीज सायकली कमी पडल्या, तेव्हा बायकांनी जेंट्स सायकली घेतल्या, आणि पुढं अनेकींनी त्याच पसंत केल्या. का? तर सीटपासून हँडलपर्यंत जो आडवा दांडा असतो, त्यावर मूल बसवता येतं. (हशा) हसण्यासारखं यात काही नाही. ज्या दांड्याकडे बोट दाखवून ‘ही बायकांची सायकल नव्हे’ असं जग सांगत आलं, त्याच दांड्यावर त्यांनी लेकराला बसवलं आणि दोन्ही हातांनी हँडल धरलं. मागं पाण्याची भांडी, पुढं मूल, असा संसार घेऊन त्या निघाल्या. काय सोयीचं, काय शोभतं, हे ठरवण्याचा अधिकार चालवणारीकडे आला. तो एकटीला मिळाला नसता. एकटीला तिथंही टोमणेच ऐकावे लागत होते. मागून विचारणा होते आहे, नऊवारीत चालवायची का? अवश्य. काष्ट्यानं पाय मोकळे राहतात. तुर्कस्तानातल्या इझमीरमध्ये 2013 पासून बायका आपल्या रोजच्या, सणासुदीच्या कपड्यांत एकत्र सायकली काढतात. त्यांचं म्हणणंही तेच आहे, की सायकलीसाठी वेगळा पोशाख लागत नाही.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवलं आहे, म्हणून आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप, आधी रस्ते सुरक्षित करा, मग बायकांना बोलवा. यातलं अर्धं मला मान्य आहे. नेदरलँड्समध्ये सायकलीवरच्या फेऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या असतात, अमेरिकेत जेमतेम चौथा हिस्सा, आणि या फरकामागं वेगळ्या सायकल-मार्गांचा मोठा वाटा आहे. मार्ग हवेतच. पण ते मागणार कोण? रस्त्यावर जे दिसत नाहीत, त्यांच्यासाठी कुठलीही महापालिका अंदाजपत्रकात तरतूद करत नाही. शिवाय संख्या हीसुद्धा सुरक्षितता असते. पीटर जेकबसन यांनी 2003 मध्ये अनेक शहरांची आकडेवारी तपासून दाखवलं, की चालणारे किंवा सायकलवाले दुप्पट झाले तर अपघात दुप्पट होत नाहीत, सुमारे एक तृतीयांशानंच वाढतात. म्हणजे प्रत्येकाचा धोका घटतो, कारण मोटारवाल्याच्या नजरेला सवय होते.

दुसरा आक्षेप चिठ्ठीतून आला आहे, आणि त्यात थोडी नाराजीही आहे: ‘आमच्या लेकीसुना स्कूटर चालवतात, त्यांना मागं का नेता?’ मी कुणाची स्कूटर काढून घेत नाही. पण स्कूटरला पेट्रोल लागतं, परवाना लागतो, हप्ता लागतो. आठवीतल्या मुलीला ती चालवता येत नाही. चार घरची धुणीभांडी करत उन्हात पायी फिरणाऱ्या बाईला ती परवडत नाही. प्रश्न त्यांचा आहे. तिसरा आक्षेप सर्वांत विचार करण्याजोगा आहे. घोळका ही नवी कुबडी नाही का? घोळक्यातच चालवता येत असेल, तर ती मोकळीक कसली? याचं उत्तर घोळका कुठं जातो यावर आहे. वर्षातून एकदा टोप्या वाटून, फोटो काढून संपणारी फेरी खरोखर काही बदलत नाही. पण तोच घोळका दर आठवड्याला मंडईत, बँकेत, शाळेच्या फाटकाशी गेला, तर तो रस्ता प्रत्येकीच्या पायाखालचा होतो. मग एखाद्या दिवशी ती एकटी निघाली, तरी भाजीवाला, रिक्षावाला, शेजारी कुणी वळून पाहत नाही. कुणी वळून न पाहणं, इथवर पोचायचं आहे.

वेळ संपली आहे, तेव्हा करायचं काय एवढंच सांगतो. आठ-दहा जणी पुरेत. पहिले काही आठवडे मोकळं मैदान, पडायला आणि हसायला. पंक्चर काढणं आणि चेन बसवणंही त्यातच शिकवा, नाहीतर वाटेत पुन्हा कुणाची तरी वाट पाहणं आलं. मग ठरलेला वार आणि ठरलेला कामाचा रस्ता. नवखी मध्ये, सरावलेली पुढं आणि मागं, आणि वेग सर्वांत सावकाश चालणारीचा. फेरीची वेळ बायकांनी ठरवायची. आजच्या बहुतेक सायकल-गटांची पहाटे सहाची वेळ ही ज्यांच्या घरात पाणी भरणं आणि डबे करणं दुसरं कुणी करतं, त्यांची वेळ आहे. म्हणून सभागृहातल्या पुरुषांना माझी विनंती अशी: सायकल शिकवायला येऊ नका, ते त्या एकमेकींना शिकवतील. फेरीच्या दिवशी घरातले डबे तेवढे तुम्ही करा.