सोळा नेपाळी, दहा आपले

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, भाषणाची मला सवय नाही. पण पशुपतिनाथाला निघालेल्या बायका मला पैशांचे विचारतात, म्हणून चिटणीसबाईंनी मला उभे केले आहे. दर्शनाचे वर्णन करीत नाही, पैशांचेच सांगते.

नेपाळात जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. गोरखपूरहून सोनौलीला जावे, कमान ओलांडली की झाले. माणूस सहज जातो, अडते ती नोट. आम्ही अकराजणी २०१९ साली गेलो. नेपाळ सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या दोनशे, पाचशे व दोन हजारांच्या नोटा बंद केल्या होत्या. शंभराची आणि त्याखालचीच चालत होती. यात्रा नेणाऱ्यांनी हे सांगितलेच नाही! रोजचा धंदा त्यांचा. त्यांना मी दोष देणारच. नेपाळी लोकांना मात्र देववत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये आपल्याकडे नोटाबंदी झाली, तेव्हा तिकडच्या लोकांच्या गाठीच्या आपल्या नोटाही अडकल्या.

आमच्यात एक काकू होत्या. पापड लाटून जमवलेले सहा हजार त्यांनी मुद्दाम पाचशेच्या नोटा करून पोलक्याच्या आत शिवून आणले होते. काकांच्या नावाने अभिषेक करायचा होता. कमानीजवळ एकजण सुटे देत होता, पाचशेला साडेचारशे. म्हणजे सहाशे रुपये तिथेच गेले! काकू मुकाट्याने टाके उसवू लागल्या. मी म्हटले, "काकू, थांबा जरा." प्रत्येकीकडे थोड्या थोड्या शंभराच्या नोटा होत्या. त्या एकत्र केल्या, भिशीच्या वहीत नावे लिहिली, अभिषेकाचे आधी बाजूला काढले आणि उरलेल्यात सगळ्यांचा खर्च भागवला. परतताना गोरखपूरला काकूंच्या नोटा जिच्या तिच्या हिशेबाने वाटल्या.

आता दर. १९९३ पासून आपले शंभर म्हणजे तिकडचे एकशेसाठ. सोळाचा पाढा येत असला की पुरे: सोळा नेपाळी म्हणजे आपले दहा. दुकानदार आपल्या पैशांना 'आयसी' म्हणतात, त्यांच्या पैशांना 'एनसी'. भाव ऐकला की पहिल्यांदा हेच विचारावे. ऐंशी एनसीची माळ घेऊन मी शंभर आयसी दिले, तर पोराने वीस हातावर ठेवले. मी बोटांवर हिशेब करून दाखवला, तेव्हा हसून ऐंशी दिले. बहुतेक दुकानदार न सांगताच नीट देत, हेही सांगायला हवे.

मार्च २०२४ मध्ये तिकडच्या दुकानांत आपल्या फोनवरून पैसे देण्याची सोय सुरू झाली. तरी सुटे जवळ असावेत. नोटांचे नियम बदलतात, ते निघण्याआधी बँकेत विचारावे.

उरलेले नेपाळी पैसे सोनौलीलाच मोडावेत, इकडे वाणी घेत नाही. माझ्या डब्यात अजून ऐंशी पडून आहेत. यंदा जी जाईल तिने पन्नास देऊन ते न्यावेत, पाढा म्हणून बघावा.